रत्नागिरीच्या थिबा राजाचा खरा खजिना माणकांचा नव्हता, तेलाचा होता

रत्नागिरीला गेलेला माणूस थिबा पॅलेस बघून येतोच. लाल रंगाचा भलामोठा वाडा, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या, खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र. तिथे ऐकायला मिळणारी गोष्टही साधारण ठरलेली असते. ब्रह्मदेशाचा राजा होता, इंग्रजांनी त्याला पकडून इथे आणून ठेवलं, त्याच्याकडे एक जगावेगळं माणिक होतं आणि ते त्या गडबडीत गायब झालं.

ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे.

थिबाच्या राज्यात त्या माणकापेक्षा कितीतरी जास्त मोलाची एक वस्तू जमिनीतून निघत होती. काळपट, चिकट आणि वास मारणारी. तिला कुणी तिजोरीत ठेवत नव्हतं. आज गाडी सर्व्हिसिंगला टाकली की बिलात इंजिन ऑइल म्हणून जे लिहिलेलं असतं, त्याचं मूळ रूप म्हणजे ही वस्तू. खनिज तेल.

गंमत अशी की त्याच राजाने पुढे रत्नागिरीत असताना मोटार घेतली. म्हणजे ज्याच्या राज्यातून तेल निघायचं, त्याला आपल्या मोटारीसाठी तेल विकत घ्यायची वेळ आली. हे कसं झालं, आणि मोटारीचं ऑइल तेव्हा किती दिवसांनी बदलावं लागायचं, आज किती दिवसांनी बदलायचं, हे सगळं या एका माणसाच्या आयुष्याला धरून समजून घेता येतं.

मठातला मुलगा गादीवर बसला

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ चा, मंडालेचा. वडील राजा मिंडॉन. आज ज्याला म्यानमार म्हणतात त्या देशावर तेव्हा कोनबाउंग घराण्याचं राज्य होतं. पण सगळ्या देशावर नव्हतं. पहिल्या युद्धानंतर १८२६ साली आराकान आणि तेनासरीम इंग्रजांनी घेतलं, दुसऱ्या युद्धात १८५२ साली रंगूनसकट दक्षिणेचा भाग घेतला. राजाकडे उरला तो उत्तरेचा मुलूख. समुद्र नाही, बंदर नाही. माल बाहेर पाठवायचा तर इरावती नदीने इंग्रजांच्या रंगूनमधूनच जायला हवा.

मिंडॉनला राण्या पुष्कळ आणि मुलंही पुष्कळ. त्यात थिबाचा नंबर लागेल असं कुणाच्या मनात नव्हतं. तो काही काळ मंडालेतल्या मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला, मग बौद्ध मठात गेला. पाली धर्मग्रंथांचा अभ्यास केला आणि १८७७ साली त्यातली अवघड परीक्षा मोठ्या मानाने पास झाला. राजा झाला नसता तर कदाचित चांगला भिक्षू झाला असता.

पण १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये मिंडॉन वारला. दरबारात सिनब्यूमाशिन नावाची राणी फार वजनदार होती. तिला मुलगा नव्हता, मुली होत्या. आपल्या मुठीत राहील असा राजा तिला हवा होता. मवाळ, अभ्यासू, पाठीशी कुणी नसलेला थिबा तिला सोयीचा वाटला. मंत्र्यांनाही तसंच वाटलं. एकोणीस वर्षांचा थिबा गादीवर बसला आणि तिची मुलगी सुपयालत त्याची राणी झाली. नात्याने ती त्याची सावत्र बहीणच. त्या राजघराण्यात अशी लग्नं चालत.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजघराण्यातल्या माणसांची कत्तल झाली. ऐंशीच्या आसपास माणसं मारली गेली, त्यात बायका आणि मुलंही होती. हुकूम कुणाचा होता यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण डाग थिबाच्या नावावर लागला तो कायमचा. रंगूनच्या इंग्रज व्यापाऱ्यांना आणि वर्तमानपत्रांना तो क्रूर राजा म्हणून दाखवायला आयता मिळाला.

येनानजाउंगच्या विहिरी

मंडालेहून इरावतीच्या प्रवाहाबरोबर खाली आलं की पूर्व काठावर येनानजाउंग लागतं. वास मारणाऱ्या पाण्याचा ओढा, असा साधारण त्या नावाचा अर्थ. तिथे जमिनीखाली तेल होतं आणि माणसं ते हाताने विहिरी खणून काढत होती. अमेरिकेत यंत्राने तेलाची विहीर पाडली गेली १८५९ साली, म्हणजे बरोबर थिबाच्या जन्मवर्षी. येनानजाउंगच्या विहिरी त्याच्या आधीपासून चालू होत्या. अठराव्या शतकाच्या शेवटी आलेल्या इंग्रज वकिलांनीही त्या पाहून लिहून ठेवल्या आहेत.

या विहिरींचे मालक वंशपरंपरेने ठरलेले होते. चोवीस घराण्यांचा तो हक्क. विहीर आपल्याकडच्या पाण्याच्या आडासारखीच, पण शेकडो फूट खोल जायची. खाली विषारी वायू साचलेला. त्यामुळे खणणाऱ्याला दोर बांधून खाली सोडायचे आणि थोड्याच वेळात वर ओढून घ्यायचे. तेल वर काढायला मडकं दोराला बांधायचं, दोर रहाटावरून घ्यायचा आणि दुसरं टोक धरून माणसांनी उतारावरून पळत जायचं.

या तेलाचे दिवे जळत. होड्यांच्या फळ्यांना आणि घरांच्या लाकडाला ते चोपडत, म्हणजे वाळवी लागत नाही. ताडपत्रावरच्या पोथ्यांनाही ते लावत. आणि गाडीच्या आसाला वंगण म्हणूनही ते चाले.

थिबाचे वडील मिंडॉन यांनी या मालाची किंमत ओळखली होती. त्यांनी १८५४ साली तेलाचा व्यापार सरकारी मक्त्याचा केला. काढलेलं तेल राजाला विकायचं, राजा ते पुढे विकणार. लंडनच्या एका मोठ्या मेणबत्ती कंपनीने त्याच दशकात हे तेल मागवायला सुरुवात केली. रंगूनला स्कॉटिश व्यापाऱ्यांनी तेल गाळायचा कारखाना काढला. रंगून ऑइल या नावाचं एक वंगण इंग्रजी लष्करात बंदुका गंजू नयेत म्हणून वापरलं जाऊ लागलं.

म्हणजे थिबा गादीवर आला तेव्हा मांडणी अशी होती. तेल राजाच्या हद्दीत, गाळायचा कारखाना इंग्रजांच्या हद्दीत. कच्चा माल किती मिळेल आणि काय भावाने, हे मंडालेच्या दरबारावर अवलंबून. कारखानदारांना हे खुपत होतं. दरबाराला मात्र तेल हे साग, माणकं आणि इतर मक्त्यांसारखंच एक उत्पन्न वाटत होतं. जगात त्या काळ्या द्रवाचं पुढे काय होणार आहे, हे मंडालेतच काय, लंडनमध्येही फारसं कुणाला माहीत नव्हतं. पेट्रोलवर चालणारी मोटार अजून जन्मायची होती. जर्मनीत कार्ल बेंझने तिचं पेटंट घेतलं ते जानेवारी १८८६ मध्ये. तोवर थिबाचं राज्य गेलेलं होतं.

सागावरून युद्ध पेटलं

राज्य गेलं ते वरवर पाहता लाकडावरून. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन थिबाच्या जंगलातून साग तोडत होती. कंपनीने तोडलेले ओंडके कमी दाखवले आणि दरबाराचे पैसे बुडवले, असा ठपका १८८५ साली मंडालेच्या मंत्रिमंडळाने ठेवला. दंड ठोठावला सुमारे तेवीस लाख रुपयांचा.

त्याच वर्षी थिबाच्या वकिलांनी फ्रान्सशी तह केला होता. फ्रेंच शेजारच्या व्हिएतनाममध्ये पाय पसरत होते. ब्रह्मदेशात ते आले तर हिंदुस्थानच्या उंबऱ्यावर येतील, ही इंग्रजांची खरी भीती. दंडाचं निमित्त मिळालं. ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय डफरिनने निर्वाणीचा खलिता पाठवला. दरबाराने तो सगळा मान्य केला नाही.

युद्ध म्हणावं असं काही झालंच नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्टची फौज आगबोटींतून इरावतीने वर निघाली आणि दोन आठवड्यांत मंडालेला पोचली. २८ नोव्हेंबरला शहर पडलं. दुसऱ्या दिवशी थिबा आणि सुपयालत यांना बैलगाडीत बसवून नदीकाठी नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक रडत उभे होते. त्यांना थुरिया नावाच्या आगबोटीवर चढवलं आणि बोट रंगूनच्या दिशेने निघाली. वाटेत डाव्या हाताला येनानजाउंगचा काठ होता.

राजाचं वय तेव्हा सव्वीस. तो मंडालेला परत कधीच आला नाही.

१ जानेवारी १८८६ ला डफरिनने जाहीर केलं की वरचा ब्रह्मदेशही आता ब्रिटिश साम्राज्यात आला. तो थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या

रंगूनहून राजाला मद्रासला नेलं. तिथे काही महिने ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरी का, याचं उत्तर नकाशात आहे. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र. रेल्वे नाही. घाटरस्ते अवघड. पावसाळ्यात बोटीही बंद. ब्रह्मदेशातून कुणी भेटायला येणं कठीण आणि इथून निसटणं त्याहून कठीण. याच्या उलट प्रकार इंग्रजांनी आधी एकदा करून पाहिला होता. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी १८५८ साली रंगूनला नेऊन ठेवलं आणि तो तिथेच मेला.

त्याच १८८६ साली डेव्हिड कारगिल या स्कॉटिश व्यापाऱ्याने बर्मा ऑइल कंपनी उभी केली. आता मंडालेच्या मक्त्याची अडचण नव्हती. कंपनीने येनानजाउंगला यंत्राने विहिरी पाडायला सुरुवात केली. जिथे माणसं दोराने उतरत होती तिथे लाकडी बुरूज उभे राहिले. काही वर्षांत ब्रह्मदेशाचं रॉकेल हिंदुस्थानच्या बाजारात आलं. पुढे तेलविहिरींपासून रंगूनजवळच्या कारखान्यापर्यंत नळ टाकला गेला. १९०९ साली याच कंपनीच्या पैशावर इराणमधलं तेल काढण्यासाठी अँग्लो पर्शियन कंपनी निघाली. तीच आजची बीपी.

आणि राजा? राजा रत्नागिरीच्या बंगल्यात सरकारच्या तनख्यावर राहत होता.

तनखा त्याला कधीच पुरला नाही. बरोबर आणलेले नोकर, चार मुली, राजघराण्याच्या रीतीभाती आणि हात आखडता घ्यायची सवयच नाही. कर्जं झाली. सोबत आणलेले दागिने आणि माणकं एकेक करून विकली गेली, गहाण पडली. तनखा वाढवा, कर्ज फेडायला मदत करा, चांगलं घर द्या, असे अर्ज तो वर्षानुवर्षं सरकारकडे करत राहिला. प्रत्येक खर्चावर नेमलेल्या अधिकाऱ्याची नजर. गावाबाहेर जायचं तर परवानगी.

न्गा माउक नावाच्या त्या प्रसिद्ध माणकाचाही त्याने पाठपुरावा केला. मंडाले पडलं त्या दिवशी आपण ते कर्नल स्लेडनकडे सांभाळायला दिलं, असं त्याचं म्हणणं. स्लेडनने ते नाकारलं आणि १८९० साली तो वारलाही. माणिक सापडलं नाही.

राजाने शेवटपर्यंत हिशेब मागितला तो या माणकाचा. येनानजाउंगच्या तेलाचा हिशेब मात्र माणकाएवढा कधी गाजला नाही. आजही रत्नागिरीत माणकाची गोष्ट सांगितली जाते, तेलाची नाही. पण माणिक कितीही मोठं असलं तरी ते एकदाच विकता आलं असतं. तेलाच्या विहिरी पुढची कित्येक दशकं पैसा देत राहिल्या.

रत्नागिरीचे टिळक मंडालेत, मंडालेचा राजा रत्नागिरीत

याच काळात इतिहासाने एक अदलाबदल केली. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. राजद्रोहाच्या खटल्यात १९०८ साली त्यांना शिक्षा झाली आणि त्यांना ठेवलं मंडालेच्या तुरुंगात. तो तुरुंग थिबाच्या जुन्या राजवाड्याच्या तटबंदीच्या आत होता. १९१४ पर्यंत टिळक तिथे होते आणि गीतारहस्य त्यांनी तिथेच लिहिलं. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं रत्नागिरीचा माणूस थिबाच्या गावात कैदेत आणि थिबा रत्नागिरीत कैदेत.

थिबाच्या अर्जांना १९१० साली एक फळ आलं. गावाबाहेर टेकाडावर सरकारने बांधलेला मोठा वाडा पुरा झाला आणि कुटुंब तिथे राहायला गेलं. तोच थिबा पॅलेस. बांधकामात ब्रह्मदेशी साग वापरला गेला. ज्या सागावरून राज्य गेलं, तो सागही असा रत्नागिरीपर्यंत आला.

रत्नागिरीतल्या उत्तरार्धात थिबाने मोटारही घेतली. मुंबईत मोटार पहिल्यांदा दिसली ती एकोणिसावं शतक संपता संपता. कोकणात अजून बैलगाडी, घोडागाडी आणि बोट याच चालत होत्या. तांबड्या मातीच्या रस्त्यावरून राजाची मोटार निघाली की लोक बघत उभे राहणारच. मात्र ती धावायची ती गावाच्या आसपास. परवानगीशिवाय हद्द ओलांडायची नव्हती.

तेव्हाच्या मोटारीत ऑइल किती दिवसांनी बदलायचे

आज आपण गाडीत ऑइल भरतो आणि वर्षभर विसरून जातो. त्या काळी हे शक्य नव्हतं.

सुरुवातीच्या अनेक मोटारींत ऑइल फिरून फिरून वापरलंच जात नसे. ते थेंबाथेंबाने इंजिनात उतरायचं, काम करायचं, थोडं जळायचं, थोडं गळून रस्त्यावर पडायचं. काही गाड्यांत ड्रायव्हरजवळ हाताने मारायचा पंप असायचा आणि दर काही मैलांनी त्याने ऑइलचा एक हबका इंजिनात सोडायचा. विसरला तर इंजिन तापून जाम. पेट्रोल डब्यांतून विकत मिळायचं आणि ऑइलचा डबा गाडीत कायम जवळ बाळगावा लागायचा.

मग इंजिनाच्या तळाला ऑइल साठवणारं भांडं, आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला चेंबर म्हणतात ते, रूढ झालं. तरीही पाचशे ते हजार मैलांना, म्हणजे साधारण ८०० ते १६०० किलोमीटरला, ऑइल काढून टाकून नवं भरावं लागे. कारण सरळ होतं. ऑइल फिल्टर नव्हता, तो अमेरिकेत आला १९२३ साली. तेलात आजच्यासारखी रसायनं मिसळलेली नसत. हवा गाळून घेण्याची सोयही बेताची, त्यामुळे रस्त्यावरची धूळ इंजिनात जायची. तांबड्या मातीच्या रस्त्यावर तर विचारायलाच नको.

त्या काळी एरंडेलही इंजिनात वापरत. इंग्लंडच्या चार्ल्स वेकफिल्डने १९०९ साली एरंडेल मिसळलेलं ऑइल बाजारात आणलं आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून त्याला कॅस्ट्रॉल म्हटलं. एरंडेल तापल्यावरही पातळ पडत नाही, हा त्याचा गुण. पण ते लवकर चिकट होतं आणि इंजिनात राळेसारखा थर धरतं. म्हणून रोजच्या गाड्यांत खनिज तेलच टिकलं. पुढे १९६६ साली ही कॅस्ट्रॉल कंपनी विकत घेतली ती बर्मा ऑइलने. येनानजाउंगच्या तेलावर उभी राहिलेली कंपनी अशी इंजिन ऑइलच्या धंद्यात जगभर पोचली.

आणि आज किती दिवसांनी बदलायचं

आधी ऑइल बदलायचं का, ते बघू. ऑइल इंजिनात चार-पाच कामं करतं. धातूवर धातू घासू देत नाही. पिस्टनजवळची उष्णता काढून नेतं. काजळी आणि कचरा स्वतःत धरून ठेवतं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यातली फट बुजवतं. गंज धरू देत नाही.

ही कामं करता करता ते खराब होतं. उष्णतेने आणि हवेने त्याचं रूप बदलतं, ते घट्ट होऊ लागतं. त्यात काजळी, थोडं न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ मिसळते. कचरा धरून ठेवणारी रसायनं संपत जातात. मग तळाला गाळ साचतो, बारीक वाटा तुंबतात आणि बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही. इंजिन खोलायचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. ऑइल बदलायला काही हजार लागतात.

आज आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल कारना कंपन्या १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं सांगतात. जुन्या गाड्यांत आणि साध्या मिनरल ऑइलवर ५,००० किलोमीटरला बदलायची पद्धत होती. तुमच्या गाडीचा नक्की आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. ग्रेडही तीच पाहायची. ऑइलबरोबर फिल्टरही बदलायचा, नाहीतर नव्या ऑइलमध्ये जुनी घाण उतरते.

यातलं एक वर्ष हे शब्द लोक सोडून देतात. गाडी चाललीच नाही तर ऑइल कशाला बदलायचं, असा प्रश्न असतो. कोकणात तर हे घरोघर आहे. घरमालक मुंबईला, गाडी गावच्या अंगणात, गणपतीला आणि शिमग्याला तेवढी बाहेर निघते. वर्षात हजार किलोमीटरही होत नाहीत.

पण कमी चालणारी गाडी ऑइलला जास्त छळते. दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबलं तर इंजिन पुरतं तापत नाही. आत जमलेली वाफ बाहेर पडत नाही, तिचं पाणी होऊन ऑइलमध्ये राहतं. कोकणच्या दमट हवेत हे आणखी वाढतं. थिबाच्या मोटारीसारखी, गावातल्या गावात फिरणारी गाडी असेल, तर मोजायचं ते वर्ष. किलोमीटर नाही.

घाटात कायम चढउतार, ट्रॅफिकमध्ये तासन् तास चालू इंजिन, धुळीचा रस्ता, मागे ओझं, हे रोजचं असेल तर अनेक कंपन्या ठरलेल्या अंतराच्या निम्म्यावरच ऑइल बदलायला सांगतात.

घरच्या घरी तपासायचं असेल तर गाडी सपाट जागी लावा. इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, परत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. रंग काळा झाला म्हणजे ऑइल संपलं असं नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, डिझेल गाडीत तर ते लगेच काळं होतं. पण ते दुधाळ दिसलं, खरखरीत लागलं किंवा पातळी सारखी खाली जात असली, तर गाडी मेकॅनिककडे न्यायची.

पुराचं पाणी इंजिनापर्यंत गेलं असेल तर गाडी सुरू करून बघायची नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली होत्या. अशा गाडीतलं ऑइल आधी काढावं लागतं, मग बाकीचं. आणि काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा परसात ओतायचं नाही. थोडं ऑइलही विहिरीचं पाणी नासवतं. ते गॅरेजलाच द्यायचं, पुन्हा शुद्ध करणारे कारखाने ते घेतात.

राजाचं पुढे काय झालं

वाड्यात राहायला जाऊन थिबाला सहा वर्षंच झाली होती. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. वय ५७. त्यातली तीस वर्षं याच गावात गेली. ब्रह्मदेशात नेऊन अंत्यसंस्कार करावेत ही कुटुंबाची इच्छा सरकारने मानली नाही. मेलेला राजाही तिथे लोकांना गोळा करील, ही धास्ती होती. शेवटी रत्नागिरीतच त्याची समाधी बांधली गेली. सुपयालत १९१९ साली रंगूनला परतली आणि १९२५ साली तिथे वारली. मंडालेला जायची परवानगी तिलाही मिळाली नाही.

थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीलाच परत आली. वाड्यावर चाकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून तिला मुलगी झाली होती, तुतू. राजाची ही नात रत्नागिरीत गरिबीत वाढली, मराठीच बोलली आणि या गावचीच होऊन गेली.

ब्रह्मदेशाचं तेल त्याच काळात साम्राज्याच्या फार कामाला आलं. पहिल्या महायुद्धात ते वापरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जपानी फौजा येनानजाउंगपर्यंत आल्या तेव्हा इंग्रजांनी आपल्याच हाताने त्या विहिरी आणि कारखाने उडवून दिले, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. बर्मा ऑइल आणि शेल यांनी मिळून हिंदुस्थानात काढलेली बर्मा शेल कंपनी पुढे १९७६ साली सरकारने ताब्यात घेतली. तीच आजची भारत पेट्रोलियम. रत्नागिरीत भारत पेट्रोलियमच्या पंपावर गाडी उभी राहते, तेव्हा त्या कंपनीचा एक धागा थेट थिबाच्या राज्यापर्यंत जातो.

म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२ मध्ये रत्नागिरीला आले आणि थिबाच्या समाधीपुढे हात जोडून गेले. समाधी शिवाजीनगर भागात आहे, पॅलेसपासून फार लांब नाही. पॅलेस बघायला जाणारे बरेच जण तिथवर जात नाहीत. पुढच्या खेपेला वेळ काढून जायला हरकत नाही. आणि गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं होतं, ते निघण्याआधी एकदा बघून घ्यायचं.